लावणीआधी लेप्टोच्या गोळ्या: डोस किती, कोणाला नको?

कुडाळवाडी: जूनअखेर तरवा (भाताची रोपं) काढायला सुरुवात होईल. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदराच्या मुतातून पसरणारा ताप) होऊ नये म्हणून आशाताई डॉक्सीच्या (डॉक्सीसायक्लिन) गोळ्या घरी आणून देतात, पण पित्त होतं म्हणून निम्मी माणसं त्या फळीवरच ठेवतात. पायाला चिखल्या (चिखलपाण्यामुळे बोटांच्या बेचक्यांत पडणाऱ्या जखमा) झालेले तर बरेच. नेमकं कसं द्यायचं?

उपकेंद्र_सेवक: डॉक्सीसायक्लिन २०० मिग्रॅ, म्हणजे १०० च्या दोन गोळ्या एकदम, आठवड्यातून एकदा. चिखलात उतरण्याआधी सुरू करा, जास्तीत जास्त ६ आठवडे. अख्ख्या वाडीचा एकच वार ठरवा, नाहीतर हमखास विसरतात. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, ८ वर्षांखालची मुलं यांना देऊ नका.

पित्ताचं म्हणाल तर लोक पहाटे नुसत्या चहावर गोळी घेतात, तिथेच बिघडतं. पेज-भात पोटात गेल्यावर, ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास तरी आडवं व्हायचं नाही. गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे व्रण पडतो. पित्ताची पातळ औषधं किंवा रक्तवाढीची लोहाची गोळी सोबत घेतली तर डॉक्सी अंगी लागतच नाही, दोन-तीन तासांचं अंतर हवं.

बांधावरचा: गोळी घेतली म्हणजे भागलं असं नाही. उंदराच्या मुतातले जंतू पाण्यातून येतात आणि चिखल्यांमधून, भेगांमधून आत शिरतात. गुरांच्या मुतातूनही येतात, म्हणून गोठा काढताना गमबूट घालाच. लावणीच्या चिखलात तो रुततो, तिथे आग्रह धरून उपयोग नाही. त्यापेक्षा जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी लावा, आणि शेतातून आल्यावर पाय साबणाने धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करा.

डॉ_तळकोकण: ताप आला की आठवड्याच्या गोळीवर अजिबात विसंबू नका, तो उपचाराचा डोस नव्हे. चिखलात काम झाल्यावर साधारण ५ ते १४ दिवसांनी ताप, पोटऱ्या दाबल्या की कळवळायला होणं, चिपडं नसताना लाल झालेले डोळे, एवढं दिसलं तरी त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. पहिल्या चार-पाच दिवसांत आयजीएम तपासणी (लेप्टोसाठीची रक्ततपासणी) बऱ्याचदा निगेटिव्ह येते. त्या कागदावर विसंबून माणूस घरी बसतो आणि मूत्रपिंडं जातात. संशयावरूनच उपचार सुरू व्हायला हवेत. अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन मागू नका, मूत्रपिंडावर आणखी भार पडतो. पॅरासिटामॉल पुरे. लघवी कमी झाली, डोळे पिवळे दिसले, धाप लागली किंवा थुंकीत रक्त आलं तर वाट न पाहता १०८ बोलवा, सरळ ओरोसचं (सिंधुदुर्ग) जिल्हा रुग्णालय.

उपकेंद्र_सेवक: आणि केसपेपर काढतानाच ‘लावणीला जातो’ हे सांगून लिहून घ्या. ते नसलं तर ताप साधा समजला जातो.