घरासाठी स्टँडबाय जनरेटर: किती केव्हीए आणि इंधन कोणतं?

नवा_मीटर
घरासाठी स्टँडबाय जनरेटर बघतोय. लोड असा: फ्रिज २०० वॅट, १ एचपीचा सिंगल फेज पाण्याचा पंप, दीड टनाचा इन्व्हर्टर एसी, दिवे-पंखे-राउटर-टीव्ही मिळून साधारण ६५० वॅट. गीझर आणि शेगडी पाइप गॅसवर. वीज बहुतेक वेळा तासाभरासाठी जाते, पण वर्षातून एखाद-दोनदा सलग दोन-तीन दिवस नसते. विक्रेता १० केव्हीए (हजार व्होल्ट-अँपिअर, जनरेटरच्या क्षमतेचं माप) डिझेल घ्या म्हणतोय, "पुढे लोड वाढला तर असू दे." खरंच एवढा लागेल का? आणि गॅसची लाइन दारात असताना डिझेल कशाला साठवायचं?

आर्मेचर
"असू दे" हा हिशोब नव्हे. पंप चालताना सुमारे ११०० वॅट घेतो, एसी १७०० धरा. सगळं मिळून ३६५० वॅट. पॉवर फॅक्टर (वॅट भागिले व्होल्ट-अँपिअर) ०.८ धरला तर साडेचार केव्हीएच्या थोडं वर, म्हणजे कागदावर ५ केव्हीए पुरतो.

अडतं ते पंपापाशी. २३० व्होल्टला १ एचपीचा पंप चालताना ६-७ अँपिअर घेतो, पण सुरू होताना पाचपट, म्हणजे ३०-३५. हे जेमतेम अर्धा-एक सेकंद टिकतं. त्याच वेळी बाकीचा लोड १२ अँपिअर ओढतोय. बेरीज ४५ च्या घरात. ५ केव्हीएचा रेटेड करंट २२, आणि चांगला एव्हीआर (व्होल्टेज आपोआप सांभाळणारा भाग) असलेला अल्टरनेटर (वीज तयार करणारा भाग) काही क्षण त्याच्या दुप्पट देतो. म्हणजे अगदी काठावर. व्होल्टेज बसतं, पंपाच्या स्टार्टरचा कॉन्टॅक्टर (आतला विजेवर चालणारा स्विच) तडतडतो, एसीचं कार्ड रीसेट होतं. ७.५ केव्हीएचा रेटेड करंट ३२-३३, तिथे हा झटका आरामात निघतो. १० ची गरज नाही. पंप आणि एसी कधीच एकत्र चालवणार नसाल तर ५ सुद्धा चालेल, पण घरातल्या प्रत्येकाने ते लक्षात ठेवायला हवं आणि ते कोणी ठेवत नाही.

अंदाजावर जाऊ नका. इनरश मोड (सुरू होतानाचा झटका पकडणारा) असलेला क्लॅम्प मीटर पंपाच्या फेज वायरला लावून एकदा मोजा. जुन्या, जाम झालेल्या पंपाचा आकडा बराच वर निघतो.

नेमप्लेटवर "मॅक्सिमम" नाही, "रेटेड" आकडा वाचा. त्यातही स्टँडबाय (फक्त वीज गेल्यावर चालवायचा) आणि प्राइम (नेहमी चालवायचा) वेगळे. आयएसओ ८५२८ प्रमाणे आणीबाणीच्या स्टँडबाय रेटिंगला २४ तासांचा सरासरी लोड ७० टक्क्यांवर न्यायचा नाही आणि वर्षाला २०० तासांची मर्यादा असते. जागा उंचावर असेल तर टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर ३०० मीटरला साधारण साडेतीन टक्के घटते.

काजळी
१० केव्हीए नुसता जास्तीचा नाही, तुमच्या लोडला वाईट आहे. त्याची क्षमता ८ किलोवॅट. रात्री फ्रिज, पंखे, राउटर मिळून ४०० वॅट, म्हणजे ५ टक्के. डिझेल इंजिन तासन्‌तास ३० टक्क्यांखाली चाललं की सिलिंडर पुरेसा तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं आणि एक्झॉस्टमध्ये काळं, ओलं, तेलकट चिकट साचतं. सायलेन्सरच्या जोडातून काळा ओघळ दिसला की समजायचं. पुढे इंजेक्टर चोंदतात, लायनरला (सिलिंडरच्या आतल्या भिंतीला) चकाकी येते, रिंगा बसत नाहीत आणि इंजिन ऑइल प्यायला लागतं. सुरुवातीलाच पकडलं तर दोन-तीन तास ७० टक्क्यांच्या वर लोड देऊन जाळता येतं. लायनर चकाकला असेल तर इंजिन उघडावंच लागतं.

पेट्रोलबद्दल एवढंच की तीन दिवसांच्या खंडाला ते कामाचं नाही. डिझेलच्या दीडपट लागतं, वाफ पेट घेते, आणि कार्ब्युरेटरमध्ये तीन-चार महिने पडून राहिलं की जेटमध्ये डिंक धरतो. इथेनॉल मिसळलेलं असेल तर पाणीही ओढतं.

निळी_ज्योत
गॅसची लाइन असेल तर साठवण्याचा प्रश्न मिटतो, हे खरं. पण गॅस मीटरची पाटी वाचल्याशिवाय उत्साहात येऊ नका.

६ किलोवॅट विजेसाठी छोट्या गॅस इंजिनाला साधारण ३० किलोवॅट उष्णता लागते, कारण कार्यक्षमता २० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे पूर्ण लोडला तासाला जवळपास ३ घनमीटर नैसर्गिक गॅस. मीटरचा आकार पाटीवर असतो: जी १.६ ची कमाल क्षमता २.५ घनमीटर प्रति तास, जी २.५ ची ४, जी ४ ची ६. त्यात तुमचा गीझर. ६ लिटरचा इन्स्टंट गीझर एकटाच १ घनमीटरच्या वर घेतो. मीटर लहान असेल तर नेमका पंप चालू झाला की दाब पडतो, इंजिन हंटिंग करतं (आवाज वर-खाली, दिवेही त्याच तालात) आणि बंद पडतं.

दाब मोजायचा तो सगळी उपकरणं चालू ठेवून, बंद लाइनवर नाही. पारदर्शक नळीचा यू करून पाणी भरलं तरी चालतं: २० मिलिबार म्हणजे दोन पातळ्यांत सुमारे २० सेंटिमीटर फरक. इंजिन सुरू होताना तो यंत्राच्या किमान आकड्याखाली जाता कामा नये. हे काम गॅस कंपनीच्या माणसासमोरच करा, लाइनला परस्पर टी (फाटा) मारू नका.

शिवाय पेट्रोलवर जेवढे किलोवॅट मिळतात त्याच्या १५-२० टक्के कमी नैसर्गिक गॅसवर मिळतात. म्हणून कॅटलॉगमध्ये त्या-त्या इंधनाचा आकडा बघा.

नवा_मीटर
पाटीवर जी १.६ लिहिलंय. मग गॅस बाद का? एलपीजी सिलिंडर?

निळी_ज्योत
मोठा मीटर आणि जाड पाइप देतात का ते विचारा. नाही म्हणाले तर पाइप गॅस बाद. एलपीजीला सरासरी २ किलोवॅटला तासाला किलोभर लागतो, म्हणजे १४ किलोचं सिलिंडर १४ तास. त्याआधीच सिलिंडर गार पडतो, बाहेरून दव आणि मग बर्फ धरतो, कारण आतल्या द्रवाला वाफ व्हायला उष्णता पुरत नाही. दोन-तीन सिलिंडर मॅनिफोल्डवर (एकत्र जोडणाऱ्या पाइपवर) समांतर जोडले तरच जमतं. आणि सिलिंडर उलटं-आडवं करून द्रव काढायचा विचारही नको.

आर्मेचर
मग ७.५ केव्हीए डिझेल, पण त्याच्या जोडीला बॅटरी, आणि जनरेटर चोवीस तास चालवायचाच नाही. रात्रीचे ४०० वॅट गुणिले १० तास, ४ युनिट. ४८ व्होल्ट १०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी जवळपास ५ युनिट देते. जनरेटर सकाळ-संध्याकाळ तीन-तीन तास लावा. त्याच वेळात टाकी भरा, एसी चालवा आणि दीड-दोन किलोवॅटने बॅटरी चार्ज करा. लोड ५० टक्क्यांच्या आसपास राहतो, काजळीचा प्रश्नच येत नाही. तासाला सुमारे १.४ लिटर, दिवसाला ८-९ लिटर, तीन दिवसांना ३० लिटर धरा. हाच संच ७२ तास सलग फिरवला तर ८० लिटरच्या आसपास जातील. तासाभराच्या खंडाला तर जनरेटर सुरू करायचीही गरज नाही.

फक्त इन्व्हर्टर घेताना इनपुटला जनरेटर मोड आहे का ते बघा. साधा मेकॅनिकल गव्हर्नर (इंजिनाचा वेग सांभाळणारा भाग) असलेल्या जनरेटरची फ्रिक्वेन्सी लोडशिवाय ५२ हर्ट्‌झ असते, लोड आला की ५० कडे येते. इनपुटची मर्यादा अरुंद असेल तर इन्व्हर्टर जनरेटर घेतच नाही, सारखा बॅटरीवर उडी मारतो.

न्यूट्रल
जोडणी ऑटो असो वा हाताची, इंटरलॉक (दोन्ही बाजू एकदम जोडू न देणारी सोय) असलेल्या चेंजओव्हरमधूनच (मेन आणि जनरेटर यांत बदल करणारा स्विच). सॉकेटमध्ये उलट वायर खुपसून घर चालवायचं नाही. ती वीज ट्रान्सफॉर्मरमधून उलटी चढते आणि लाइनवर काम करणारा माणूस मरतो. सिंगल फेजला टू पोल स्विच घ्या, म्हणजे न्यूट्रलही तुटतो. मग जनरेटरच्या बाजूला न्यूट्रल आणि अर्थ एकाच ठिकाणी जोडलेले हवेत. ते नसतील तर आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) गळतीला ट्रिपच होणार नाही. टेस्ट बटण दाबून समाधान मानू नका, ते या दोषात फसवतं, कारण बटण आतल्या आत फेज-न्यूट्रलचं सर्किट पूर्ण करतं.

एक्झॉस्ट खिडक्या-दारांपासून किमान ६ मीटर लांब आणि उलट्या दिशेला. गॅरेज, जिना, बंद बाल्कनी नाही, दार उघडं ठेवून सुद्धा नाही. झोपायच्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा.

काजळी
डिझेल घेणार असाल तर टाकी शक्यतो भरलेली ठेवा. रिकाम्या जागेत दव धरतं, पाणी तळाला बसतं आणि त्याच्या थरावर बुरशी वाढून फिल्टर चोंदतो. सहा महिन्यांनी सेपरेटरचा (डिझेलमधलं पाणी वेगळं करणारा भाग) नॉब सोडून पाणी काढा, वर्षाने साठा गाडीत वापरून नवा भरा. महिन्यातून एकदा अर्धा तास खऱ्या लोडवर चालवा, नुसतं स्टार्ट करून बंद नको.

आणि जनरेटरच्या स्टार्टर बॅटरीला फ्लोट चार्जर (ती कायम भरलेली ठेवणारा) लावा. ऐनवेळी सुरू न होणारे बहुतेक संच स्टार्टर बॅटरीमुळेच अडतात. क्रँक करताना (स्टार्टर इंजिन फिरवत असताना) मल्टिमीटर लावा. १२ व्होल्टची बॅटरी ९.६ च्या खाली उतरत असेल तर वाट न बघता बदला.