ख्रिस रियाचा निरोपाच्या दौऱ्याचा लाइव्ह अल्बम: रिप केल्यावर दोन गाण्यांमधल्या टाळ्या तुटतात

तबकडी_आणि_सुई

इंग्लिश गायक-गिटारवादक ख्रिस रियाच्या 'द रोड टू हेल अँड बॅक' (२००६) या निरोपाच्या दौऱ्याच्या दोन्ही सीडी ३२० केबीपीएस एमपी३ मध्ये रिप केल्या (फाइलींमध्ये उतरवल्या) आहेत. अडचणी अशा:

१. गाणं संपून टाळ्या सुरू होतात आणि ट्रॅक बदलताना क्षणभर पूर्ण शांतता. गाडीत पेनड्राइव्हवर ती जवळपास अर्धा सेकंद टिकते. मूळ सीडी लावली तर सगळं सलग ऐकू येतं.
२. शांत गाण्याच्या शेवटी टाळ्यांचा आवाज मोठा आणि पुढचा ट्रॅक लागताच त्याच टाळ्या एकदम लहान.
३. मैफलीची डीव्हीडी इंग्लंडहून मागवली तर आपल्याकडच्या प्लेअरवर चालेल का?
४. स्लाइडसाठी (बोटात नळी घालून तारांवर सरकवत वाजवण्यासाठी) स्ट्रॅट गिटार ओपन ई मध्ये (मोकळ्या तारांवरच ई कॉर्ड वाजेल अशी) लावली की सूर टिकत नाही, आणि स्लाइड फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांवर) आपटून खडखडते.

एमपी३ चाच हट्ट नाही. जागा भरपूर आहे.

शून्यइंडेक्स

पहिल्या अडचणीची मुळं तीन असू शकतात, आणि तिन्हींवर उपाय वेगळे आहेत.

एमपी३ चा आवाज ११५२ नमुन्यांच्या (सॅम्पल, आवाजाची क्षणाक्षणाची मापं) फ्रेममध्ये बांधला जातो, म्हणजे एक फ्रेम साधारण २६ मिलिसेकंदांची. ट्रॅकची लांबी ११५२ च्या पटीत क्वचितच बसते, म्हणून शेवटची फ्रेम शून्यांनी भरली जाते. सुरुवातीला एन्कोडर (फाइल बनवणारा) आणि डीकोडर (ती वाजवणारा) मिळून आणखी हजारभर नमुन्यांचा उशीर घालतात. स्टुडिओ अल्बममध्ये दोन गाण्यांमध्ये मुळातच शांतता असते, तिथे हे लपून जातं. टाळ्यांच्या मधोमध लपत नाही. लेम एन्कोडर ही भर किती घातली ते फाइलच्या टॅगमध्ये लिहून ठेवतो आणि फूबार२००० सारखा प्लेअर ती वाचून तेवढा भाग गाळतो. गाडीतले बहुतेक स्टिरिओ हा टॅग बघत नाहीत.

दुसरं मूळ रिपिंगच्या सेटिंगमध्ये असतं, आणि लाइव्ह अल्बमसाठी तेच सगळ्यात घातक. सीडीवर प्रत्येक ट्रॅकला इंडेक्स ०१ (गाणं सुरू होण्याची खूण) असतो, पण त्याआधी इंडेक्स ०० चा भागही (गॅप) असू शकतो. सीडी प्लेअरवर काही वेळा उणे सेकंद मोजले जाताना दिसतात, तोच हा. लाइव्ह सीडींवर टाळ्या आणि गायकाचं दोन शब्द बोलणं अनेकदा याच जागेत ठेवतात, म्हणजे थेट गाणं निवडणाऱ्याला ते ऐकावं लागत नाही. इएसी (सीडी रिप करण्याचा प्रोग्राम) मध्ये गॅप वगळण्याचा पर्याय चुकून निवडला गेला असेल तर हा सगळा भाग रिपमधून कायमचा जातो. मग कितीही चांगला प्लेअर घ्या, परत येत नाही. गॅप आधीच्या ट्रॅकच्या शेवटी जोडण्याचा पर्याय ठेवा, मूळ सेटिंगही तेच असतं. रिपच्या सगळ्या ट्रॅकची बेरीज सीडीच्या एकूण वेळेपेक्षा काही सेकंदांनी कमी भरली तर दोष इथेच आहे.

तिसरं मूळ म्हणजे प्लेअरमधला क्रॉसफेड (एक गाणं विरवत दुसरं वर आणणारी सोय). तो बंद करा.

नव्याने रिप करताना सीडी मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको. ड्राइव्हचा रीड ऑफसेट (तो किती नमुने मागेपुढे वाचतो तो आकडा) भरा, सिक्युअर मोड (वाचन पडताळून घेणारा) ठेवा आणि टेस्ट अँड कॉपी करून दोन्ही वाचनांचे सीआरसी (पडताळणीचे आकडे) जुळतात का पाहा. फ्लॅक (आवाज जराही न गमावता दाबणारा फाइल प्रकार) आणि सोबत क्यू शीट (कोणता ट्रॅक कुठे सुरू होतो त्याची यादी) बनवा. फ्लॅकमध्ये नमुन्यांची संख्या तंतोतंत राहते, त्यामुळे जोड आपोआप सलग येतो. सीडीच्या आवाजाला मिनिटाला १० एमबी लागतात, फ्लॅकमध्ये ते बहुधा ६–७ वर येतं.

आणि कधी सीडी-आर वर परत लिहिणार असाल तर डिस्क-अॅट-वन्स (सगळी सीडी एका दमात) मध्येच लिहा. ट्रॅक-अॅट-वन्स प्रत्येक गाण्यात २ सेकंदांची शांतता घुसवतं.

मंद्रसप्तक

टाळ्या लहानमोठ्या होतात ते रिप्लेगेनमुळे (गाण्यांचा आवाज एका पातळीवर आणणारी सोय). प्लेअर ट्रॅक गेनवर असणार. त्यात प्रत्येक गाणं स्वतंत्रपणे एका पातळीवर आणलं जातं: शांत गाणं वर उचललं जातं, जोरकस गाणं खाली दाबलं जातं, आणि त्यांच्या शेपटीला लागलेल्या टाळ्याही सोबत वरखाली होतात. अल्बम गेन (सगळ्या अल्बमला मिळून एकच फेरफार) निवडा. दोन्ही सीडी एकाच वेळी निवडून मोजणी करा, नाहीतर पहिल्या आणि दुसऱ्या सीडीत पुन्हा फरक राहील. टॅगमध्ये अल्बमचं नाव दोन्हीकडे अक्षरशः सारखं हवं, सीडीचा क्रमांक वेगळ्या खान्यात.

या अल्बममध्ये ही चढउतार जपायलाच हवी. रियाने २००१ च्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर रेडिओवरच्या लोकप्रिय गाण्यांकडे पाठ फिरवून ब्लूज धरला. २००२ मध्ये 'डान्सिंग डाउन द स्टोनी रोड' आला, २००५ मध्ये 'ब्लू गिटार्स' हा ११ सीडींचा संच, आणि लगेच हा दौरा. १९८९ च्या 'द रोड टू हेल'चा श्रोता आणि नव्या ब्लूजचा श्रोता एकाच सभागृहात बसलेला आहे. कोणत्या गाण्याला कसा प्रतिसाद मिळतो ते टाळ्यांतूनच कळतं. (रिया पुढेही मंचावर परतला, दौरे केले. त्यामुळे 'निरोप' हा शब्द त्या वर्षापुरता घ्यावा.)

जोड नीट झाला का हे तपासायला १९८९ चा स्टुडिओ अल्बमही चांगला. शीर्षकगीताचा पहिला भाग थेट दुसऱ्यात उतरतो. तिथे खटका आला तर दोष रिपमध्ये किंवा प्लेअरमध्ये आहे.

प्रदेश_पाच

डीव्हीडीबद्दल: डिस्क कोणत्या देशांत चालेल ते रीजनच्या क्रमांकावरून ठरतं. इंग्लंड रीजन २, भारत रीजन ५. संगीताच्या पुष्कळ डिस्क रीजन ० असतात, तेव्हा वेष्टणाच्या मागे पृथ्वीगोलाच्या चिन्हातला आकडा विक्रेत्याकडून फोटो मागवून बघा. पाल या टीव्हीच्या चित्रपद्धतीची अडचण नाही, आपल्याकडेही तीच. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हचा रीजन फक्त ५ वेळा बदलता येतो, तो प्रयोग करत बसू नका.

डीव्हीडीवरून आवाज काढणार असाल तर आधी स्टिरिओ ट्रॅक आहे का पाहा. फक्त ५.१ (सहा चॅनलचा सराउंड) असेल तर रीतसर डाउनमिक्स करा (सगळे चॅनल दोनात मिसळा). नुसते पुढचे दोन चॅनल घेतले तर गायकाचा आवाज बारीक होतो, कारण तो बहुधा मधल्या चॅनलमध्ये असतो. डीव्हीडीचा आवाज ४८ किलोहर्ट्झ असतो, सीडीवर लिहायचा तर ४४.१ वर आणावा लागेल.

काचेची_नळी

ओपन ई म्हणजे जाड तारेपासून ई, बी, ई, जी शार्प, बी, ई. पाचवी आणि चौथी तार दोन-दोन अर्धस्वर चढते, तिसरी एक. एकूण ताण वाढतो आणि स्ट्रॅटचा तरंगता ब्रिज पुढे झुकतो, म्हणून एक तार चढवली की बाकीच्या उतरतात. मागचं झाकण काढून ५ स्प्रिंगा लावा आणि क्लॉचे (स्प्रिंगा अडकवलेल्या पट्टीचे) दोन्ही स्क्रू सारखे कसत जा, ब्रिज लाकडाला टेकेपर्यंत. मग जाड तारेपासून बारीकपर्यंत दोन फेऱ्या सूर लावा.

हे नको असेल तर ओपन डी लावा: डी, ए, डी, एफ शार्प, ए, डी. बोटांच्या जागा त्याच, सगळं एक स्वर खाली, तारांना ताण कमी. दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावला की ओपन ई चे सूर मिळतात.

खडखड होते कारण तारा खाली आहेत आणि बारीकही आहेत. .०११ चा संच (सगळ्यात बारीक तारेची जाडी, इंचांत) किमान, ओपन डी साठी .०१२ चांगला. बाराव्या फ्रेटवर फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत २ ते २.५ मिमी अंतर ठेवा. याहून वर नेलं तर साध्या बोटांनी कॉर्ड धरणं जड जातं, आणि ब्लूज-रॉकमध्ये दोन्ही लागतं. जाड तार नटच्या (मानेच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीच्या) खाचेत अडकत असेल तर सूर लावताना टिक असा आवाज येतो. खाच रुंद करा, खोल नको.

काचेची स्लाइड करंगळीत घाला, म्हणजे तीन बोटं मोकळी राहतात. स्लाइड फ्रेटच्या धातूच्या बरोबर वर, दोन फ्रेटच्या मध्ये नाही. भार फक्त तार थरथरेल इतकाच. तर्जनी आणि मधलं बोट स्लाइडच्या मागे तारांवर अलगद टेकवा, नाहीतर मागच्या बाजूने चिरका आवाज येतो. उजव्या हातानेही न वाजणाऱ्या तारा दाबून ठेवा. रियाचा स्लाइड ऐकताना लक्षात येतं की तो सुराखालून येऊन सुरावर थांबतो, आणि कंप नंतर देतो. मींड कानात बसलेल्या माणसाला हे लवकर जमतं, घाई तेवढी आवरावी लागते.

तबकडी_आणि_सुई

बेरीज करून पाहिली. पहिल्या सीडीचा रिप मूळ वेळेपेक्षा १४ सेकंदांनी कमी आहे, म्हणजे गॅपच गेले होते. आता फ्लॅक करतो. पण गाडीचा स्टिरिओ फ्लॅक वाजवूनही ट्रॅक बदलताना थांबतो.

शून्यइंडेक्स

त्या स्टिरिओला पुढची फाइल आधी उघडून ठेवता येत नाही. गाडीपुरती प्रत्येक सीडीची एकच लांब फाइल ठेवा. मधलं गाणं निवडायचं असेल तर तीन-चार गाण्यांचा एक तुकडा करा आणि टाळ्या पूर्ण विरतात तिथेच कापा. ऑडॅसिटी या आवाज कापण्या-जोडण्याच्या प्रोग्राममध्ये कापताना निवड सीडीडीए (ऑडिओ सीडीच्या) फ्रेमवर, म्हणजे सेकंदाला ७५, चिकटवून घ्या. एक फ्रेम ५८८ नमुन्यांची असते, आणि अधेमधे कापलेला तुकडा पुढे सीडीवर लिहिला तर उरलेली जागा शून्यांनी भरून टक् असा आवाज येतो. फाइलींची नावं १-०१, १-०२, २-०१ अशी द्या. पुष्कळ स्टिरिओ टॅग न बघता नावाच्या क्रमाने वाजवतात, आणि मग दुसऱ्या सीडीचं पहिलं गाणं पहिल्या सीडीच्या पहिल्या गाण्यामागे येऊन बसतं.