उन्हाळा, घाट आणि दुचाकी : तुमचे अनुभव लिहा

माळ्यावरचा
काल माळा आवरताना जुन्या पिशवीत प्लग पाना सापडला. बायको म्हणाली, भंगारात टाक. हातात घेतला तर अजून ऑइलचा वास येतोय. मग आवरणं राहिलं बाजूला.

मे १९९८. आम्ही पाचजण, तीन गाड्या. दोन आरएक्स १०० आणि एक राजदूत. शनिवारी पहाटे पुण्याहून निघून कापूरहोळ, भोर, वरंधा उतरून महाडला मुक्काम, रविवारी पोलादपूर, आंबेनळी, प्रतापगड, महाबळेश्वर, वाई करत परत, असा बेत. वाघजाईपाशी भजी खाल्ली, खाली दरीत बघून घेतलं आणि उताराला लागलो. पेट्रोल वाचवायचं म्हणून राजदूतवाल्याने इंजिन बंद केलं आणि गाडी न्यूट्रलला टाकली. मी मागे. पहिल्या चार वळणांना काय मजा! आवाज नाही, नुसता वारा. मग जळका वास यायला लागला. तो म्हणाला, "ब्रेक लागत नाहीये रे." इतक्या शांतपणे म्हणाला की मला वाटलं गंमत करतोय. शेवटी डोंगराच्या अंगाला गाडी घातली आणि दोघं करवंदीच्या जाळीत. काटे कुठे कुठे गेले ते सांगत नाही.

जवळच एक आजी करवंदांचे द्रोण घेऊन बसल्या होत्या. धावत आल्या. "लागलं का रं पोरांनो?" म्हणाल्या, आणि लगेच, "माझी जाळी मोडलीत की!" दहा द्रोण विकत घेऊन सुटका करून घेतली.

लिहा तुमचे पण.

दोन_मुलांची_आई
सायलेन्सरचा चटका. उजवी पोटरी. माळशेज. बास, ज्याला कळायचं त्याला कळलं.

सातारकर_पक्का
आमचं कुंभार्लीत. पोफळी सोडलं आणि चेनलॉकची क्लिप उडाली. अर्धा तास तिघं रस्त्यावर ओणवे होऊन क्लिप शोधतोय, येणारेजाणारे विचारतायत, अंगठी पडली का. शेवटी एका ट्रकच्या क्लीनरने बांधणीची तार दिली. ती चेनलॉकला पिळून बांधली आणि पाटणपर्यंत वीसच्या वर गेलो नाही. नवी क्लिप घेतली तेव्हा दुकानदार म्हणाला तारच ठेवा, चांगली बसलीय 😄

खोटारडा
मी घरी सांगितलं होतं, महाडला वरदविनायकाला चाललोय. आई खूश. तसं खोटं नव्हतंच, गेलो महाडलाच. फक्त गणपतीचं महाड खोपोलीजवळचं आणि आम्ही गेलो ते सावित्रीकाठचं. परत आल्यावर वडिलांनी एकच प्रश्न विचारला, "प्रसाद?" मी म्हटलं संपला वाटेत. सगळं जमलं होतं. पण आठ दिवसांनी मित्र रोल धुवून फोटो घेऊन घरीच आला. पहिलाच फोटो, आम्ही चौघे चवदार तळ्याच्या काठावर. वडील शिक्षक. समोर बसवून १९२७ च्या सत्याग्रहाबद्दल काय माहीत आहे ते विचारलं. दोन वाक्यांत आटोपलं माझं. मग म्हणाले, ज्या तळ्याच्या पाण्यासाठी एवढी माणसं चालत गेली तिथे जाऊन यांनी चष्मे लावून फोटो काढले. खोटं बोलल्याचं बोललेच नाहीत.

दोन_मुलांची_आई
@खोटारडा बाबा आवडले.

ग्रीसचे_हात
धागाकर्ते, थोडक्यात वाचलात. इंजिन चालू आणि गाडी गिअरमध्ये असली की इंजिनच गाडीला धरून ठेवतं. न्यूट्रलला सगळा भार ब्रेकवर. ड्रम तापून प्रसरण पावतो, शूपासून लांब जातो, पॅडल दाबलं तरी पाय नुसता खाली जातो. ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, हा साधा नियम. आणि तापलेल्या ड्रमवर बाटलीतलं गार पाणी ओतू नका, तडा जाऊ शकतो.
दुसरं म्हणजे राजदूतला ऑइल पेट्रोलातच मिसळायचं. त्यामुळे थ्रॉटल पूर्ण मिटून लांब उतार उतरलात की इंजिनाला ऑइलही कमी. मधूनमधून हलकी रेस द्यायची असते. आता कुणाकडे टू स्ट्रोक उरलीय म्हणा.

बुलेट_माझी_सवत
आमच्या ह्यांची जुनी बुलेट. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. आंबेनळीत मित्राला म्हणाले घे चालवून. वळण आलं, त्याने सवयीने उजवा पाय दाबला. गिअरच बदलला. पुढचं ऐकायला मी तिथे नव्हते, पण तो मित्र अजून आमच्याकडे बसने येतो.

हिरवा_चाफा
करवंदं फोडून कोंबडा की कोंबडी खेळलात का कुणी? आतून लाल तर कोंबडा, पांढरं तर कोंबडी. आम्ही यावर पैजा लावायचो. कच्च्या करवंदांचं लोणचं कसं करतात ते सांगेल का कोणी, आजीचं राहून गेलं विचारायचं

दोन_मुलांची_आई
@चाफा चीक जाईपर्यंत मिठाच्या पाण्यात ठेवायची, मग पुसून कोरडी करून कैरीसारखंच. वेगळ्या निरोपात लिहिते नीट. कुकर लागलाय.

म्युनिकचा_मिलिंद
इकडून एक. मागच्या जुलैत तिघे भाड्याच्या गाड्या घेऊन इटलीत स्टेल्व्हिओ पासला गेलो. उंची २७५७ मीटर, प्राडच्या बाजूने ४८ वळणं, प्रत्येकावर आकडा लिहिलेला. वर पोचलो तर जुलैत कडेला बर्फ! रस्ता गुळगुळीत, नजारा जबरदस्त. टपरीवर सॉसेज मिळालं. आमच्यातला कोल्हापूरचा गडी दोन घास खाऊन गप्प झाला आणि मग म्हणाला, "एवढं चढून आलो, आणि कांदाभजी नाही?" त्या वाक्यावर तिघेही थोडा वेळ दरीकडे बघत बसलो.

पुणेरी_पगडी
२७५७ मीटर वगैरे ठीक. कळसूबाई १६४६. पण भजीत आम्ही पुढे.

काजवा
भंडारदरा, मेचा शेवटचा आठवडा. रात्री घाटघरच्या रस्त्याला हेडलाइट बंद करून थांबलो. हिरडा, बेहडा, सादडा, झाडंच्या झाडं एकदम पेटत होती आणि एकदम विझत होती. अर्धा तास कुणी बोललं नाही, आमच्या ग्रुपमध्ये हे अशक्य आहे. मग मागून चारचाकी आली, फुल बीम, गाणी. सगळं झाड विझल्यासारखं दिसलं. लोकांना सांगायला गेलो तर "तुम्ही विकत घेतलाय का डोंगर". दिवे बंद ठेवा एवढंच मागणं होतं हो.

अर्ध्या_बाहीचा
उन्हाळ्यात अर्ध्या बाहीने दोन दिवस गाडी चालवली. पुढच्या रविवारी साखरपुडा. अंगठी घालतानाच्या फोटोत कोपरापासून खाली मी वेगळाच माणूस आहे. सासूबाई अजून अल्बम काढतात.

राजदूतवाला
अरे वा. इंजिन "मी" बंद केलं काय? मागून कोण ओरडत होतं, बंद कर बंद कर, महाडपर्यंत फुकटात जाऊ? आणि दहा द्रोणांचे पैसे मी दिले. आणि तो पाना माझा आहे.

खोटारडा
हहपुवा (हसून हसून पुरेवाट). साक्षीदार हजर!

माळ्यावरचा
@राजदूतवाला तू इथे कधीपासून आहेस?? ये रविवारी, घेऊन जा.

राजदूतवाला
येतो. गाडी विकून वीस वर्षं झाली, पण पुसून ठेव.

नवा_गडी
वरंधा चालू आहे का सध्या? शनिवारी निघायचंय, चार गाड्या.

सातारकर_पक्का
पावसाळ्यात दरडींमुळे बंद ठेवतात. आत्ता भोरमध्ये विचारून मगच पुढे जा. पूर्ण बाहीचा शर्ट घाल.