'ओबी' आणि 'मिंचो'ला मराठीत काय म्हणावं?

चित्रलिपी: ॲनिमेची (जपानी ॲनिमेशनची) पोस्टरं आणि वेष्टनं यांच्यावर लेख लिहितेय, दोन शब्दांपाशी गाडी अडलीय. एक 'ओबी': जपानी पुस्तकांच्या जॅकेटवर खालच्या बाजूला गुंडाळलेली कागदी पट्टी. दुसरा 'मिंचो': 'निऑन जेनेसिस इव्हँजेलियन' या ॲनिमे मालिकेत (१९९५) भागांची नावं काळ्या पडद्यावर ज्या जाड पांढऱ्या अक्षरांत येतात, ते वळण. काय लिहू?

मांगावेडी: ओबी म्हणजे मुळात किमोनोवर बांधतात तो पट्टा. 'कमरपट्टा' म्हण की सरळ!

खिळेवाला: कमरपट्टा म्हटलं की नववारीवरचा दागिना डोळ्यांसमोर येतो. ही पट्टी कामाची आहे. मुखपृष्ठाच्या चित्राला हात न लावता जाहिरात करायची सोय. मांगावर (जपानी चित्रकथेवर) ॲनिमे निघणार असं ठरलं की ती बातमी ठसठशीत अक्षरांत ओबीवर छापतात. जॅकेट तेच राहतं. सीडीची ओबी उभी असते, डब्याच्या कडेला घडी घालून बसवलेली, तिच्यावर किंमत आणि क्रमांक. प्लास्टिक काढताना ती फाटली तर संग्राहक हळहळतात, कारण ओबीशिवायच्या प्रतीला भाव कमी. माझं मत 'पट्टी'ला. पहिल्यांदा 'ओबी पट्टी' लिही. नुसतं 'ओबी' लिहिलंस तर कुणाला टीव्हीवाल्यांची व्हॅन आठवेल, कुणाला 'ओवी'च चुकली असं वाटेल.

चित्रलिपी: पट्टी पक्की, काका. आणि मिंचो?

खिळेवाला: तो तसाच ठेव. नाव चीनच्या मिंग राजवटीवरून पडलंय, भाषांतर करून हाती काही लागणार नाही. आडव्या रेषा बारीक, उभ्या जाड, आणि आडव्या रेषेच्या उजव्या टोकाला इवलासा त्रिकोण. त्या त्रिकोणाला जपानीत 'उरोको' म्हणतात, म्हणजे माशाचं खवलं. हा शब्द मात्र बेलाशक मराठीत घे. इव्हँजेलियनमधला फॉन्ट म्हणजे फॉन्टवर्क्स कंपनीचा 'मातिस ईबी', मिंचोचाच दणकट भाऊ. पण खरी गंमत मांडणीत. एक ओळ उभी, एक आडवी, मध्येच काटकोन. दिग्दर्शक कोन इचिकावा यांच्या चित्रपटांच्या श्रेयनामावलीतून उचललेली ही तऱ्हा. लेखात यावर जास्त लिही.

मांगावेडी: आणि 'फॉन्ट'ला 'टंक' चालेल?

खिळेवाला: टंक म्हटलं की टंकलेखनाची परीक्षा आठवते. फॉन्टच बरा. छापखान्यात आम्ही 'खिळे' म्हणायचो, पण 'मातिसचे खिळे' लिहिलं तर लोक हातोडी शोधतील.