आधी विकास, हक्क नंतर? हे पटतं का तुम्हाला

ऐरोलीकर:
काल ऑफिसच्या ग्रुपवर जोरात वाद झाला. एक मित्र म्हणतो मानवी हक्क वगैरे श्रीमंत देशांचे चोचले, चीन बघ, साउथ कोरिया बघ, आधी कारखाने रस्ते झाले मग बाकीचं. मला पटत नाही पण नीट उत्तरही देता येईना. देश पुढे जायला हक्कांचा खरंच काही उपयोग असतो का? उदाहरण देऊन सांगा कुणीतरी.

उरणचा:
दादा लांब कशाला जाता, तुम्ही राहता ती जमीनच बघा. 1970 नंतर ठाणे पनवेल उरणच्या 95 गावांची जमीन नवी मुंबईसाठी घेतली ती 1894 च्या इंग्रजी कायद्याने, त्यात मालकाची संमती हा विषयच नव्हता. आमची भातशेती त्यातच गेली. जानेवारी 1984 ला शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या मागे लोक उभे राहिले, गोळीबारात पाच शेतकरी गेले, तेव्हा कुठे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचं सुरू झालं. आधीच विचारून घेतलं असतं तरी शहर झालंच असतं हो, ती पाच माणसं वाचली असती.

ठाण्याची बाई:
मी शाळेत शिकवते. चीनचंच घ्या, 1959 ते 61 च्या दुष्काळात तिथे कोट्यवधी माणसं मेली, खालचे अधिकारी धान्याचे आकडे फुगवून वर पाठवत होते आणि खरं बोलायची कुणाची टाप नव्हती. आपल्याकडे 72 चा दुष्काळ काय कमी होता? पण पेपर लिहीत होते, मोर्चे निघत होते, विरोधक विधानसभेत धारेवर धरत होते, सरकारला दुष्काळी कामं काढावीच लागली. माझी आजी खडी फोडायला जायची, सुकडी, म्हणजे पौष्टिक कोरडा खाऊ, मिळायची तिथे, त्यावर घर जगलं. मग 1977 ला रोजगार हमीचा कायदा झाला, मागेल त्याला काम, हक्क म्हणून. अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन हेच सांगतात, बोलायची मोकळीक असली की भूक लपवता येत नाही.

वाशी सेक्टर 9:
कोरियाबद्दल मित्राचं अर्धं बरोबर आहे, लष्करी राजवटीतच कारखाने वाढले. पण त्याआधी 1950 च्या सुमाराला जमीन कसणाऱ्यांना वाटली होती आणि शाळा गावोगाव नेल्या, हेही हक्कच ना. आणि 1987 ला लोकांनी रस्त्यावर येऊन थेट निवडणुकीचा हक्क मिळवला, त्यानंतर देश काही मागे गेला नाही.

ऐरोलीकर:
ताई, सुकडीची गोष्ट आजच ग्रुपवर टाकतो. उरणवाले दादा, तुमचं ते गरजेपोटी, म्हणजे कुटुंब वाढलं म्हणून परवानगीशिवाय बांधलेलं घर झालं का नियमित?

उरणचा:
नाही अजून. वडील दर महिन्याला चौकशी करून येतात.