वरकसावर अकेशिया नको
पडीक वरकसावर, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीवर, अकेशिया हे झपाट्याने वाढणारं विदेशी झाड लावायचा सल्ला काही जण देतात, तो कृपया बाजूला ठेवा; तिथे गवतच परत येऊ द्या. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये १९३०च्या दशकात जुन्या शेतजमिनीवर प्रेअरी (तिथलं गवताळ रान) पुन्हा उभारली ती गवतं लावून, आणि झुडपं माजू नयेत म्हणून तिथे ठरवून आग लावतात. आपल्याकडे वणवा नको हो, शेजारची कलमं होरपळतील! झुडपं कोयत्यानेच काढा.

नाचणी-वरी सोडलेल्या जागी माती शाबूत असेल तर गवत बरंचसं आपोआप येतं. सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, तर बोटभर मातीत पहिल्या पावसाला दिपकाडीची पांढरी फुलं, पुढे पाणथळ खळग्यांत गेंद आणि सीतेची आसवं. सुरुंग लावून खड्डे मारलेत तिथे मात्र कठीण आहे. गुरं कायमची बंद करू नका. दिवाळीपर्यंत राखा, बी पडलं की चरू देत.