रुळांच्या सांध्यावरचे नट ढिले होऊच नयेत म्हणून काही करता येईल का?

लेथवाला_अंबरनाथ
नमस्कार मंडळी. अंबरनाथ एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे, नट-बोल्ट, स्टड, वॉशर असली कामं करतो, रेल्वेशी तसा काही संबंध नाही, फक्त लोकलचा पास आहे. पण कुर्ल्याला कारशेडच्या बाजूला गाडी सिग्नलला थांबली की साइडिंगच्या रुळांकडे लक्ष जातंच. दोन रूळ भेटतात तिथे दोन्ही बाजूंनी पट्ट्या आणि आरपार चार नाहीतर सहा बोल्ट. वरून चाक गेलं की अख्खा सांधा खाली दबतो आणि वर येतो, चक्क डोळ्यांना दिसतं. एवढे हादरे खाऊन साधा नट टिकणार कसा? माझ्या डोक्यात पाचरीचे लॉक वॉशर, डबल नट, नाहीतर सरळ रिव्हेट मारून टाकायचा असं चाललंय, म्हणजे पाना घेऊन फिरायची भानगडच नको. रेल्वेवाले असं का करत नाहीत?

आणि दुसरं म्हणजे मेन लाइनला तर सांधेच दिसत नाहीत. शाळेत शिकलो होतो की उन्हाळ्यात रूळ वाढतो म्हणून फट ठेवतात. ती फट गेली कुठे?

डोंबिवली_फास्ट
फट कुठे गेली माहीत नाही पण खटखट गेली हे खरं, पूर्वी त्या तालावर भजनी मंडळं टाळ वाजवायची, आता स्वतःच ताल धरावा लागतो 😄
कोणीतरी जाणकार सांगा रे, रविवारच्या मेगाब्लॉकमध्ये नेमकं हेच काम चालतं का? म्हणजे शिव्या देताना निदान कशाला देतोय ते तरी कळेल.

जुना_पीवे
रेल्वेच्या पी-वे मध्ये, म्हणजे रुळांची देखभाल करणाऱ्या खात्यात, नोकरी करून रिटायर झालोय म्हणून लिहितो, थोडं लांबेल.

लेथवाले, तुम्ही नटाकडे बघताय, पण सांध्याचा भार नट घेत नाही. त्या पट्टीला फिशप्लेट म्हणतात, इंग्लंडच्या विल्यम ब्रिजेस ॲडम्सने १८४७ साली पेटंट घेतलं तेव्हापासून मूळ कल्पना तीच आहे. फिशप्लेट रुळाच्या उभ्या भागाला पूर्ण टेकत नाही, मध्ये जागा असते. ती टेकते वर रुळाच्या डोक्याखाली आणि खाली पायाच्या उतारावर. हे दोन्ही पृष्ठभाग तिरके असतात, त्यामुळे बोल्ट आवळला की प्लेट पाचरीसारखी आत घुसते आणि दोन रुळांची टोकं एका पातळीत धरते. भार घेते ती पाचर, बोल्टचं काम पाचर आत ओढून धरायचं. आता हजारो चाकांनी ते तिरके पृष्ठभाग घासले गेले की बोल्ट कितीही कचकचून आवळा, सांध्यात खेळ येतोच. खेळ आला की चाक टोकावर आपटतं, खालची खडी पिसते, रुळाखालचा आडवा स्लीपर पोकळीवर लटकतो, मग सांधा अजून दबतो, मग अजून आपटतं. तुम्ही खिडकीतून जे दबताना बघितलं ना, त्यात निम्मा दोष खालच्या खडीचा आहे. तिथे जगातला सगळ्यात भारी नट लावलात तरी सांधा दबणारच. म्हणून सांधा सुधारायचा तर आधी खडी ठोकून स्लीपर घट्ट करायचा, झिजलेली प्लेट बदलायची किंवा मध्ये शिम म्हणजे पातळ पत्रा घालायचा, टोक फारच दबलं असेल तर वेल्डिंगने भरून घासायचं, आणि मग पाना हातात घ्यायचा.

रिव्हेट तर अजिबात नको. फिशप्लेटच्या सांध्याने दोन उलटी कामं करायची असतात, उभ्या दिशेने घट्ट धरायचं आणि लांबीच्या दिशेने रूळ सरकू द्यायचा. म्हणून तर रुळातलं भोक बोल्टपेक्षा मोठं असतं आणि पावसाळा संपल्यावर थंडीच्या महिन्यांत प्लेटा उघडून ग्रॅफाइटचं वंगण लावतात. तुम्ही लॉक करायला बघताय आणि आम्ही आयुष्यभर तो सरकता राहावा म्हणून तेलपाणी केलं! सांधा गंजून जॅम झाला की उन्हाळ्यात फट मिटत नाही आणि रूळ बाजूला फुगू बघतो, थंडीत ओढ बसून बोल्ट कातरला जातो नाहीतर बोल्टच्या भोकापासून तिरकी चीर निघते. ती चीर फिशप्लेटच्या आड लपते हे जास्त वाईट, नुसत्या नजरेला दिसत नाही, अल्ट्रासोनिक टेस्टिंगलाच सापडते.

डोंबिवलीकर, मेगाब्लॉकमध्ये यातलं बरंच असतं. रूळ बदलणं, वेल्डिंग, खडीचं टॅम्पिंग म्हणजे ठोकून घट्ट करणं, पॉइंट म्हणजे गाडी एका लाइनीवरून दुसरीवर वळवणारे रूळ बदलणं, शिवाय ओव्हरहेड वायर आणि सिग्नलवाले त्यांची कामं त्याच ब्लॉकमध्ये उरकतात.

मेक_थर्ड_इयर
काकांच्या पोस्टला थोडं गणित जोडतो, सबमिशन सोडून हेच करत बसलोय 🙈

स्टीलचा १ मीटर १ अंशाला साधारण ०.०११५ मिमी वाढतो. जुना रूळ १३ मीटरचा, तापमानात ३५ अंशांचा फरक धरला तर वाढ फक्त ५ मिमीच्या आसपास. म्हणजे शाळेतली फट बरोबर होती. पण अख्खा किलोमीटर एकसंध वेल्ड केला आणि मोकळा सोडला तर तोच फरक ४० सेंमी होतो. मग तो जातो कुठे? कुठेच जात नाही, स्लीपर त्याला हलूच देत नाहीत, आणि जी वाढ झाली नाही तिचं बळ रुळात साठतं. ६० किलोच्या रुळात (म्हणजे मीटरला ६० किलो वजनाचा) दर अंशाला साधारण १.८ टन. समजा ४० अंशाला रूळ ताणमुक्त करून बसवला आणि जानेवारीत पहाटे तो १८ वर आला, तर एकेका रुळात जवळजवळ ४० टन ओढ. मला तर ट्रॅककडे बघताना आता भीतीच वाटते.

लांबी कितीही असू दे, बळ तेवढंच राहतं, १ किलोमीटर असो की १० किलोमीटर. म्हणून तर एकसंध रूळ वाट्टेल तेवढा लांब करता येतो. जपानच्या सैकान बोगद्यात ५२ किलोमीटरच्या वर सलग रूळ आहे.

लेथवाला_अंबरनाथ
बाप रे. काका तुमचं पटलं, सरकायलाच हवा असेल तर लॉक करून चालणार नाही. पण मग एक सांगा, मेन लाइनला सांधा वितळवून जोडला तर विषय संपला ना? तरी दरवर्षी थंडीत सकाळी सकाळी बातमी असतेच, अमुक स्टेशनजवळ रुळाला तडा, गाड्या २० मिनिटं लेट. जोड नाही तर तुटतं काय?

जुना_पीवे
जोड नाही असं कसं, जोड दिसत नाही एवढंच. भिलाईहून आता २६० मीटरचे पॅनेल थेट गाडीवर चढून येतात, जुने १३ मीटरचे रूळ असते तर तेवढ्यात १९ सांधे झाले असते. कारखान्यातली वेल्डिंग फ्लॅश बट पद्धतीची, टोकं विजेने तापवून एकमेकांत दाबायची, बाहेरचा धातू घालायचाच नाही, ती चांगली टिकते. पण दोन पॅनेल जागेवर जोडायला, किंवा तुटलेल्या जागी तुकडा घालायला बहुतेक वेळा एटी (ॲल्युमिनो-थर्मिक) वेल्डिंग करतात. आयर्न ऑक्साइड आणि ॲल्युमिनियमची पावडर पेटवायची, २००० अंशांच्या वर तापमान जातं, वितळलेलं लोखंड साच्यातून २५ मिमीच्या फटीत ओतायचं. जर्मनीच्या हान्स गोल्डश्मिटची पद्धत, १८९९ मध्ये एसेनच्या ट्रामच्या रुळांवर पहिल्यांदा वापरली. स्वस्त आणि सुटसुटीत, चार माणसं सामान उचलून नेतात.

पण ही शेवटी रस्त्यावर केलेली ओतकामाची भट्टी आहे हो. रुळाचं टोक नीट तापवलं नाही, साचा ओला राहिला, दोन टोकं एका रेषेत नाहीत, ओतल्यावर थंड व्हायला वेळ न देता घाईत गाडी सोडली, यातलं एक जरी झालं तरी आत पोकळी नाहीतर बारीक चीर राहते. मुंबईत हा घाईचा प्रकार सगळ्यात वाईट. रात्री शेवटची लोकल गेल्यापासून पहिली येईपर्यंत जेमतेम दोन-तीन तास हातात, त्यात वीज बंद करून घ्यायची, सामान न्यायचं, काम करायचं, लाइन परत द्यायची. मग वरच्या पोराने सांगितलेले ते ४० टन जानेवारीच्या पहाटे बरोबर त्या दोषावर जोर लावतात. तडा एकदम नाही पडत, आधीपासून वाढत असतो, थंडी फक्त शेवटचा धक्का देते.

तडा गेला की सिग्नल लाल होतो असंही बऱ्याचदा होतं, कारण गाडी कुठे आहे हे ओळखणारं ट्रॅक सर्किट रुळातूनच चालतं, रूळ तुटला की सर्किट तुटतं. दरवेळी तुटतंच असं मात्र नाही, दोन टोकं टेकलेली असली तर करंट जातो, त्यामुळे त्यावर विसंबून चालत नाही, रूळ तपासणारा कीमन रोज पायी फिरतोच. मग तिथे जॉगल्ड फिशप्लेट लावतात, मध्ये फुगीर असते म्हणजे वेल्डचा उंचवटा आत बसतो, क्लॅम्पने आवळायची आणि गाड्या हळू सोडायच्या. रात्री तुकडा कापून नवीन वेल्ड. तुमची २० मिनिटं तिथे गेली.

वसईचा_भाचा
सगळे सांध्यावर बोलताय पण रूळ स्लीपरला धरतो कोण ते पण सांगा की. आमच्या इकडे भाईंदरची खाडी, दोन्ही बाजूला मिठागरं, खारा वारा, लोखंडाचं काय होतं ते घराच्या ग्रिलवर दिसतं. मामा ट्रॅकवर कामाला होता, तो सांगायचा, रूळ स्लीपरला धरणारी क्लिप एकदा गंजून अडकली की हातोड्याने पण निघत नाही आणि अशी क्लिप दिसायला जागेवर असते पण धरत काहीच नाही.

जुना_पीवे
मामा बरोबर बोलायचे. खरं सांगायचं तर एकसंध रुळात सगळा खेळ त्या क्लिपचाच. लाकडी स्लीपर होते तेव्हा डॉग स्पाइक, म्हणजे मोठा खिळाच, एकदा लाकडात सैल झाला की झाला. इलास्टिक क्लिप ही स्प्रिंग आहे, नॉर्वेच्या पांडे-रोल्फसेनची १९५०च्या दशकातली कल्पना, त्यावरूनच पँड्रोल नाव पडलं. रूळ थरथरला तरी ती दाबतच राहते, फिरून सैल व्हायला तिला आटेच नाहीत. आपल्याकडच्या मार्क थ्री क्लिपचा दाब साधारण ८५० ते ११०० किलो, एका स्लीपरला चार. किलोमीटरला १६६० स्लीपर धरले तर साडेसहा हजारांच्या वर क्लिपा. सांधे घालवले म्हणजे काम कमी झालं असं नाही, ते सगळं या क्लिपांवर, रुळाखालच्या रबर पॅडवर आणि खडीवर येऊन पडलं. खाडीच्या पट्ट्यात आणि प्लॅटफॉर्मच्या लाइनीत क्लिपा काढून, घासून, ग्रीस लावून परत बसवाव्या लागतात, अंगमेहनतीचं आणि कंटाळवाणं काम आहे आणि जिथे ते टाळलं जातं तिथे रूळ सरकायला लागतो.

एकसंध रुळाच्या दोन्ही टोकांना साधारण शंभर मीटर रूळ हलतो, मधला नाही. तिथे एसईजे नावाचा सरकता सांधा बसवतात, दोन निमुळते रूळ एकमेकांच्या बाजूने सरकतात. लेथवाले, तुमच्या शाळेतल्या फटी आता तिथे राहायला गेल्यात.

मेक_थर्ड_इयर
लेथवाले, तुमच्या वॉशरबद्दल. १९६९ साली युंकर नावाच्या जर्मन इंजिनियरने दाखवलं की नट ढिला होतो तो मुख्यतः आडव्या सरकण्याने, बोल्टच्या लांबीतल्या ताणाने तेवढा नाही. म्हणजे जोडलेले भाग एकमेकांवर घसरले की आटे थोडे थोडे फिरतात. फिशप्लेटचा सांधा तर मुद्दाम घसरणारा, तिथे नट फिरणारच. डबल नट पण नीट उलटसुलट आवळला नाही तर काही कामाचा नाही. शिंकान्सेनमध्ये ओसाकाच्या कंपनीचा हार्डलॉक नट वापरतात, दोन नट आणि एकाचा उंचवटा मुद्दाम किंचित एका बाजूला, तो पाचरीचंच काम करतो. तुमच्या लाइनीतलं आहे, बघाच.

लेथवाला_अंबरनाथ
हार्डलॉक माहितीये, मशीनिंगला सोपा नाही तो. काका, मग जिथे सरकायला नकोच आहे अशी एकतरी जागा सांगा ना, माझा नट अगदीच वाया नका घालवू 😅

जुना_पीवे
दोन जागा आहेत. एक ग्ल्यूड जॉइंट. ट्रॅक सर्किट जिथे संपतं तिथे दोन रूळ विजेच्या दृष्टीने तोडायचे पण बाकी एकसंध ठेवायचे असतात. त्यात फिशप्लेट आणि रुळाच्या मध्ये इपॉक्सी आणि इन्सुलेशन, आणि जास्त ताकदीचे बोल्ट. तो मुळीच सरकायचा नाही, वर सांगितलेली ओढ त्यानेच झेलायची. तिथे बोल्टचा ताण कमी झाला की डिंक सुटतो, पाणी शिरतं, इन्सुलेशन जातं आणि सिग्नल फेल.

दुसरी जागा पॉइंट आणि क्रॉसिंग, म्हणजे रूळ एकमेकांना छेदतात ती जागा. तिथे सांधे पूर्ण घालवता येत नाहीत आणि क्रॉसिंगच्या नाकावर चाक जोरात आपटतं, मग तिथले आणि चेक रेलचे (चाक वाटेवर ठेवणाऱ्या बाजूच्या जादा रुळाचे) बोल्ट सारखे ढिले. दादर, कुर्ला, कल्याण, जिथे लाइनींचं जाळं आहे तिथला कुठलाही ट्रॅकमन हीच तक्रार करेल. न सुटणारा, पण पान्याने दहा मिनिटांत उघडता येणारा नट हवा, कारण क्रॉसिंग बदलायला ब्लॉक तेवढाच मिळतो. गॅसने कापावा लागला तर नको. हे जमलं तर बोलू.

लेथवाला_अंबरनाथ
दहा मिनिटांत उघडणारा ही अट आवडली. जवळ जाऊन क्रॉसिंगचे फोटो आणि मापं घेऊ का एखाद्या रविवारी?

जुना_पीवे
अजिबात ट्रॅकवर उतरू नका, रेल्वे कायद्याचं कलम १४७ (विनापरवाना ट्रॅकवर जाण्याचं) लागतं आणि त्याच्या आधी लोकल लागते. ट्रॅकचे पार्ट लखनौच्या आरडीएसओ या रेल्वेच्या संशोधन संस्थेच्या ड्रॉइंगप्रमाणे बनतात, बोल्टचं माप, आटे, स्टीलचा ग्रेड सगळं त्यात असतं, ते आधी मिळवा. वर्कशॉपमध्ये हादऱ्याची टेस्ट या पोराला सोबत घेऊन करा, त्याला प्रोजेक्ट मिळेल.

मेक_थर्ड_इयर
मी तयार आहे, कॉलेजच्या लॅबमध्ये व्हायब्रेशन टेबल आहे, फक्त ते चालू आहे का बघून सोमवारी सांगतो.